लॉन्ड्री विकणे आहे

४ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. फोन न उचलायला काहीच करावं लागत नाही. पत्र मात्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. आणि एकदा हातात घेतलंस की तू वाचणार. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय तुला टाकवत नाही, हे तीन वर्षांच्या संसारात मला कळलंय. त्यातलं दीड वर्ष तू माहेरी आहेस, तेही धरून.

तर ऐक. मी लॉन्ड्री विकत घेतोय.

हस. हसून झालं की पुढे वाच.

हॉटेलच्या तळघरात दोन वर्षं मी चादरी धुतोय. कुठला डाग कोमट पाण्याने जातो, कुठला गार पाण्याने आणि कुठला कशानेच जात नाही, हे मला झोपेतून उठवून विचार. पुढच्या महिन्याअखेर इथला करार संपतो. सगळे विचारतात, मग पुढे काय? तुझे अप्पा इथे असते तर त्यांनी विचारलंही नसतं. त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात मला नावच पडलं होतं: सुटा नट, कुठल्याच बोल्टला बसत नाही. तर अप्पांना सांग, बोल्ट सापडला.

हॉटेलपासून वीस मिनिटं चाललं की एक चढाचा रस्ता लागतो. त्यावर ‘लॉन्ड्री विकणे आहे’ अशी पाटी. दुकान एवढं की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात. पण खोल आहे. पुढे काउंटर, मग कपड्यांच्या मांडण्या, मग एक मोठं मशीन, एक पिळायचं, दोन इस्त्र्या. मागच्या दाराबाहेर तारा बांधलेली मोकळी जागा, दुपारभर उन्हात. मालक सत्तरीचे. सगळे त्यांना कडककाका म्हणतात. मी विचारलं, "काय काका, तब्येत?" "कडक." "धंदा?" "कडक." "किंमत?" "ती जरा जास्तच कडक."

गुडघे गेलेत त्यांचे. त्यांना आणि काकूंना लेकीकडे जायचंय.

आता तू म्हणशील, बघितलं आणि भुललास. नाही. या वेळी मी अभ्यास केला. समोर न्हाव्याचं दुकान आहे. सुट्टी आणि रात्रपाळी धरून सहा दिवस तिथे खुर्ची अडवून बसलो आणि काकांच्या दुकानात किती माणसं येतात ते मोजलं. फुकट कसं बसू देईल तो? सहा दिवसांत तीन वेळा दाढी, एकदा केस आणि दोनदा मालिश. डोक्यावर आता कापायला काही शिल्लक नाही. पण आकडा मिळाला. दिवसाला सत्तेचाळीस माणसं! शनिवारी तर रांग होती. आत काका एकटे, काउंटरवर काकू एकट्या, माणसं दारापर्यंत.

सत्तेचाळीस, मास्तरीणबाई. पुढच्या आठवड्यात बयाणा देतोय.

तुझा,
नट

१५ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

दीड वर्षात तुझं पहिलं अक्षर आलं. पोस्टकार्डावर. ना ‘प्रिय’, ना ‘कसा आहेस’. एकच ओळ: "माणसं हात भरून येत होती, का हात भरून जात होती?"

मला आधी राग आला. लंबूला दाखवलं. लंबू म्हणजे माझ्या पाळीतला, इस्त्रीच्या रोलरवरचा, तोच जो दारातून वाकून येतो. त्याने वाचलं आणि एवढा हसला की चादर रोलरमध्ये तिरकी गेली. म्हणाला, "वहिनींना इथे आण आणि तू माहेरी जा."

परत न्हाव्याकडे गेलो. तो म्हणाला, "आता काय, भुवया कापू?" बसलो. या वेळी हात मोजले.

हात भरून गेले: अडतीस. हात भरून आले: पाच.

न्हावी म्हणतो, "अहो, पाटी लागली ना बाहेर! उद्या म्हातारा कपड्यांसकट गेला तर? जो तो आपापलं गाठोडं सोडवायला धावतोय." हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, "तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही मालिश सांगितली."

म्हणजे मी दुकान रिकामं होताना बघत होतो आणि खूश होत होतो. तू काउंटरवर वाढलेली. गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी तू त्याच्या हाताकडे बघतेस. मला ते कधी सुचलंच नसतं. हे मी लिहून देतोय, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

पण थांब. मी गळाठलो नाही. सरळ काकांपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "काका, तुमची रांग म्हणजे मयताला आलेली माणसं निघाली." ते म्हणाले, "मी कुठे म्हणालो गिऱ्हाइकं आहेत? मोजणारा तू."

मग मी मला जे येतं ते केलं. म्हटलं, वही दाखवू नका, वहीत मला गतीही नाही. साबणाची पोती किती लागतात ते सांगा, आणि वर्षभराची विजेची बिलं द्या. माणूस बोलताना वाढवून बोलतो, साबण नाही बोलत. एका पोत्यात किती किलो कपडे निघतात हे मला ठाऊक आहे. काकांनी मागच्या खोलीतून बिलांची दोरीत ओवलेली माळ काढली, साबणवाल्याच्या पावत्यांसकट. दोन्ही हिशेब एकाच जागी आले: पाटी लागण्याआधी दिवसाला साठ किलोच्या आसपास. काका जेवढं सांगत होते त्याच्याहून थोडं कमी. म्हणजे माणूस खोटा नाही, नुसता दुकानदार आहे.

मशीनला कान लावला. बेअरिंग ठणठणीत. ढोल रिकामा फिरवला, भरलेला फिरवला. काका म्हणाले, "डॉक्टर आहेस का न्हावी?"

धंदा आहे, मास्तरीणबाई. फक्त पाटीने पळवलाय. बयाणा दिलेला नाही. अजून काय विचारायला हवं ते कळव. पोस्टकार्ड चालेल.

नट

२ मार्च

मास्तरीणबाई,

दुसरं कार्ड मिळालं. या वेळी दोन ओळी! अशीच प्रगती राहिली तर पाच वर्षांत तू मला पानभर लिहिशील.

पहिला प्रश्न: जागा कोणाची? मला वाटत होतं काकांची. बत्तीस वर्षं तिथे बसलेत, भिंतीवर त्यांच्या टेकायच्या जागी काळा डाग आहे, मग कोणाची असणार! भाड्याची निघाली. म्हणजे मी मशीन, मांडण्या, नाव हे सगळं विकत घेईन आणि जागामालक दुसऱ्या दिवशी म्हणेल, उचला. जागामालकाला भेटलो. गोड बोलतो. सांगतो, "तुम्हाला द्यायला माझी हरकत नाही. पण एक मोबाइलवाला मागे लागलाय, तो दीडपट भाडं देतो." हे काकांना माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी काकांनी कशालाच कडक म्हटलं नाही.

दुसरा प्रश्न: गिऱ्हाईक दुकानाचं, का म्हाताऱ्याचं? उत्तर ऐकून तूही चकित होशील. गिऱ्हाईक काकूंचं आहे.

त्या दुकानात पावती नाही. बत्तीस वर्षांत कधी नव्हती. कपडा आला की काकू त्याच्या आतल्या शिवणीत रंगीत दोऱ्याचे टाके घालतात. निळे दोन आडवे म्हणजे शाळेतली बाई. एक लाल, एक पिवळा म्हणजे औषधवाला. हिरवी फुली म्हणजे कोपऱ्यावरची विधवा आणि हिरवी फुली खाली टिंब म्हणजे तिचा मुलगा, तो वेगळा राहायला लागल्यापासून. असे दोनशेच्या वर. कुठे लिहिलेलं नाही. काका स्वतः म्हणतात, "मला विचारू नकोस. मी धुतो. कोणाचं धुतो ते तिला माहीत."

म्हणजे मी काकांकडून लॉन्ड्री घेतली आणि काकू लेकीकडे गेल्या, तर माझ्याकडे उरेल काय? धुतलेल्या बेवारशी कपड्यांचा ढीग.

म्हणून सुट्टीच्या दिवशी मी तिथे राबतोय, बिनपगारी. काकूंनी शिकवायचं कबूल केलंय. आणि आता एक सांगायचंय. सांगायचं नव्हतं, पण तुला कुठूनतरी कळणारच. काकूंनी विचारलं, "घरी कोण?" मी म्हटलं, बायको. "काउंटरवर बसेल?" मी म्हटलं, बसेल की! वडिलांचंच दुकान आहे, काउंटरवरच वाढली. "मग कधी येतेय?" मी म्हटलं, करार झाला की.

तेव्हा काकूंचा चेहरा असा उजळला की खरं काय ते मी गिळून टाकलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. खुणा तिलाच शिकवते. पुरुषाच्या डोक्यात दोरा राहत नाही."

रागावू नकोस. किंवा रागाव, पण कार्डावर लिहून रागाव.

नट

१४ मार्च

कार्ड आलं नाही. बरोबर आहे.

परवा काकूंनी काउंटरमागच्या स्टुलावर नवी गादी शिवून घातली. "तुझ्या बायकोसाठी," म्हणाल्या. त्या गादीपुढे माझं काही चाललं नाही. सांगून टाकलं. ती येणार नाहीये काकू, ती माझ्याशी बोलतसुद्धा नाही, दीड वर्ष झालं.

काकांनी इस्त्री उभी केली. काकूंनी विचारलं, "का बोलत नाही?"

त्यांना जे सांगितलं ते तुला सांगतो. तुला मी वेगळं सांगितलं होतं.

मी निघालो तेव्हा तुला म्हणालो होतो, सहा महिने. सहा महिन्यांनी म्हणालो, हॉटेलच्या मालकाने फसवलं, करार दोन वर्षांचा निघाला. मालकाने फसवलं नाही. कागदात पहिल्याच पानावर दोन वर्षं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. पाच पानं होती, बारीक अक्षर, मागे रांगेत वीस जण उभे. मी बोट ठेवून वाचतो हे तुला माहीत आहे. वीस जणांसमोर बोट ठेवून वाचायची लाज वाटली. ऐटीत सही ठोकली, पेन परत दिलं, वर म्हणालो, "चला, झालं!"

आणि हे तुला माहीत नाही. मला सहाव्या महिन्यात नाही, दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. लंबूने वाचून दाखवलं. चार महिने तू फोनवर दिवस मोजत होतीस आणि मी "हो, हो" म्हणत होतो.

काकूंनी स्टुलावरची गादी उचलून आत ठेवली. मला वाटलं, संपलं. कपडे घडी करून निघालो.

दुसऱ्या दिवशी तरी गेलो. त्यांनी पन्नास-साठ कपड्यांचा ढीग काउंटरवर ओतला आणि म्हणाल्या, "सांग." मी एकेक शिवण उलटून सांगत गेलो. औषधवाला, शाळेतली बाई, ड्रायव्हर, ड्रायव्हरचा भाऊ. पाच चुकले. त्यातले दोन आपलेही चुकले असते, असं काका म्हणाले. काकांचे म्हणजे सगळेच चुकले असते.

काकू म्हणाल्या, "पुरुषाच्या मानाने बरा आहेस." मग म्हणाल्या, "बायको नसली तरी दुकान चालतं. खोट्यावर नाही चालत. लोक आपले अंगावरचे कपडे आपल्या हातात देतात."

त्या दोघांना द्यायचंय मलाच. तू काय समजायचं ते समज. मी मात्र इथून हलणार नाहीये. दोनशे दहा खुणा पाठ केलेला माणूस सुटा कसला!

नट

१९ मार्च

सोबत कागद आहे.

विक्रीचा. काकांच्या वकिलाने केलेला. सहा पानं. आज दुपारी वकिलाकडे बोलावलं होतं. काका, काकू, जागामालक, मी. वकिलाने मुख्य मुख्य वाचून दाखवलं, घाईघाईत, आणि पेन पुढे केलं. म्हणाला, "ठराविकच असतं सगळं."

जागामालक घड्याळ बघत होता. तो म्हणतो, तीस तारखेपर्यंत सही झाली तर जागा तुम्हाला, नाहीतर मोबाइलवाल्याला. तोंडाने गोड, पण बोलला ते बोलला.

पेन हातात घेतलं होतं मी. टोपणही काढलं होतं.

मी म्हणालो, "मला वाचायला वेळ लागतो. आणि यातलं निम्मं मला वाचूनही कळणार नाही. माझ्या बायकोला कळेल. तिला पाठवतो." सगळ्यांसमोर म्हणालो. वकिलाच्या खोलीत त्याची टायपिस्टसुद्धा होती.

जागामालक म्हणाला, "बायको? ती तर बोलत नाही ना तुमच्याशी?" म्हणजे काकांच्या पोटात काही राहत नाही.

मी म्हटलं, "माझ्याशी नाही बोलत. कागदाशी बोलेल."

मशीन, साबण, टाके, बेअरिंग हे सगळं मी बघितलं. त्यात मी कोणाला हार जाणार नाही. ही सहा पानं तेवढी माझ्या आवाक्यात नाहीत. यात माझी आजवरची सगळी कमाई आहे, मी चौदा वर्षांचा होतो तेव्हापासूनची. तू नको म्हणालीस तर नाही घेणार. अगदी मोबाइलवाल्याने घेतलं तरी चालेल. काही न लिहिता परत पाठवलंस, तर त्याचाही अर्थ मी लावीन.

सही केलेली नाही. शेवटच्या पानावर बघ, जागा कोरी आहे.

३१ मार्च

मास्तरीणबाई,

तुझं पाकीट अठ्ठावीसला पोचलं. मी ते न उघडता तसंच वकिलाकडे नेलं आणि सगळ्यांसमोर फोडलं. थोडी ऐट राहू दे की माणसाला.

चार ठिकाणी तुझी लाल पेन्सिल.

एक, आधीच्या हरवलेल्या कपड्यांची भरपाई खरेदीदाराने द्यायची, ही ओळ तू उडवलीस. वकिलाने ठराविकमध्ये ती कशी सरकवली होती कोण जाणे! काकांनी डोळे फाडून बघितलं. त्यांनाही माहीत नव्हती. मांडणीवर वीस-वीस वर्षांचे कोट पडलेत, मी मेलोच असतो.

दोन, जागामालकाचं लेखी संमतिपत्र आधी, पैसे नंतर. जागामालक म्हणाला, "माझ्या शब्दावर विश्वास नाही?" काकू म्हणाल्या, "आहे की. म्हणून तर लिहून ठेवायचाय." त्याने तिथेच लिहून दिलं, तोंड कडू करून.

तीन, काकूंनी तीन महिने काउंटरवर बसायचं आणि मालक बदलला म्हणून दुकान एक दिवसही बंद ठेवायचं नाही. लेकीकडे तीन महिने उशिरा जाणार. काका खूश. जावयाशी त्यांचं पटत नाही, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

चार, काकांनी या भागात पाच वर्षं दुसरी लॉन्ड्री काढायची नाही. काका म्हणाले, "पाच वर्षं! एवढं आयुष्य दिलं तुझ्या बायकोने? माझे डॉक्टर दोन म्हणतात. मान्य, कडक मान्य."

वकील म्हणाला, आता खाडाखोड फार झाली, नवीन टाइप करून घेऊ, उद्या या. मी शेवटचं पान उलटलं आणि म्हटलं, नाही, हाच कागद.

कारण तिथे खरेदीदाराची एकच ओळ होती. तू तिच्याखाली पट्टीने आणखी एक आखलेली होती. पेन्सिलीने नाही, शाईने. आणि त्या दुसऱ्या ओळीवर तुझं नाव आणि तुझी सही.

काकूंनी डोकावून बघितलं आणि कागद काकांपुढे सरकवला. वकील म्हणाला, "अहो, यांचे पैसे किती?" काका म्हणाले, "चार ठिकाणी लाल पेन्सिल मारली ना? तेवढे." खाडाखोडीपाशी सगळ्यांनी सह्या केल्या. मग पेन माझ्याकडे आलं.

मी पेन बाजूला ठेवलं, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागलो. मोठ्याने, मला मनात वाचता येत नाही. पहिलं पान, दुसरं, तिसरं. टायपिस्टने पंखा बंद केला, कागद उडत होते म्हणून. जागामालक उठून बाहेर गेला, परत आला, मी चौथ्यावर होतो. वकील शेवटी हात जोडून म्हणाला, "अहो महाराज, तुमच्या मिसेसनी वाचलंय की सगळं!"

मी म्हटलं, "तिने तिच्या सहीसाठी वाचलं. मी माझ्या सहीसाठी वाचतोय."

एक तास चाळीस मिनिटं लागली. मग तुझ्या सहीच्या वरच्या ओळीवर सही केली. आज हॉटेलातला शेवटचा दिवस. उद्या सकाळी पाटी उतरवायची आहे, लंबू येणार आहे, त्याला शिडी लागत नाही.

तू इथे येणार आहेस की नाही, हे त्या सहा पानांत कुठेही लिहिलेलं नाही. मी शोधलं. दोनदा.

दुकान साडेसातला उघडतं.

तुझा भागीदार